ऑर्डरी डिलीट करायला लावल्या, सहा तास झाले तरी संपेना. कॅस्केड डिलीट वेगात कसं करायचं?

बीमवाला | २४ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मंडळी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर मी एकटा सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस. कारखान्याचं एक युनिट २०१८ मध्ये बंद पडलं, पण त्याच्या ऑर्डरी अजून टेबलात लोळतायत. रिपोर्ट काढला की मध्येच त्या युनिटचे माग उगवतात. मालक विचारतात, "हे माग कोण चालवतंय, भुतं?" म्हणून सगळं साफ करायचं ठरलं.

रचना साधी आहे. ऑर्डर, तिच्याखाली ऑर्डरओळी (डिझाइन, साइज, रंग, नग) आणि प्रत्येक ओळीखाली उत्पादनाच्या नोंदी: कुठला माग, कुठली पाळी, किती नग उतरले, किती सेकंड क्वालिटीत गेले. वरून खालपर्यंत ऑन डिलीट कॅस्केड, म्हणजे वरची ओळ उडवली की तिच्याखालच्या आपोआप उडतात. उडवायच्या ऑर्डरी ४१ हजार, त्यांच्या ओळी १ लाख ४० हजारांच्या आसपास. उत्पादनात एकूण २ कोटी २० लाख नोंदी आहेत, त्यातल्या ३० लाख जातील.

संध्याकाळी पाचला एका ओळीची क्वेरी मारली. आता अकरा वाजून गेले. रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन: "साहेब, एंट्री लई हळू पडूलालीय." सर्व्हर म्हणजे ऑफिसात कपाटामागं ठेवलेला डेस्कटॉप, १६ जीबी रॅम.

दोन प्रश्न. एक, मध्येच थांबवली तर परत सहा तास रोलबॅक (केलेलं उलटवणं) चालेल का? दोन, हे वेगात कसं करतात? मालक नवीन सर्व्हर घ्यायला तयार आहेत.

---

सातरस्ता | रात्री ११:१४

आधी जेवून घे बे. डेटाबेस कुठं पळून चाललाय.

---

खतावणी | रात्री ११:२६

बिनधास्त थांबवा. पोस्टग्रेस डिलीट करताना ओळ पुसत नाही, तिच्यावर नुसती खूण करतो. रोलबॅक म्हणजे "हा व्यवहार झालाच नाही" एवढी नोंद, ती क्षणात होते. ओळी जिथल्या तिथं जिवंत राहतात.

फक्त थांबवताना पीजी कॅन्सल बॅकएंड (क्वेरी थांबवायची कमांड) वापरा. प्रोसेसला किल मायनस नाइन मारू नका. एका बॅकएंडला तसं मारलं की पोस्टग्रेस बाकीचे सगळे कनेक्शन तोडतो आणि रिकव्हरीतून परत उठतो. रात्रपाळी तुमच्या नावानं शिमगा करेल.

---

पुण्यातलासोलापुरी | रात्री ११:४०

हे सुख पोस्टग्रेसवाल्यांचं. आमच्याकडे मायएसक्यूएल. आधीच्या नोकरीत मी असंच एक मोठं डिलीट चार तासांनी थांबवलं आणि निवांत चहाला गेलो. त्याचं साठवणीचं इंजिन, इनोडीबी, प्रत्येक बदल उलटा फिरवत बसतं, त्यामुळे रोलबॅक कामापेक्षाही जास्त वेळ खाऊ शकतो. घाबरून सर्व्हरच रिस्टार्ट केला, तर उठल्यावर त्यानं तेच काम जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू केलं. सकाळी सहाला घरी गेलो. बायकोला अजून वाटतं की मी त्या रात्री मित्रांबरोबर होतो.

---

बीमवाला | रात्री ११:५२

थांबवली. एका सेकंदात थांबली! सुपरवायझर खूश. आता दुसरा प्रश्न.

---

खतावणी | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

आता सविस्तर लिहितो. काल रात्री पाणी आलं होतं, पाच दिवसांनी. त्यामुळे डेटाबेसपेक्षा टाकी महत्त्वाची होती.

माझे वडील नवी पेठेत एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्याकडे दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार जसे होतील तसे एकाखाली एक. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान. कुणी आलं आणि म्हणालं "माझा हिशोब काढा", तर वडील खतावणीचं पान उघडायचे. खतावणी नसती तर रोजकीर्द पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळावी लागली असती, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पुन्हा पहिल्यापासून.

तुमचं डिलीट नेमकं तेच करतंय. वरची एक ओळ गेली की पोस्टग्रेस खालच्या टेबलाला विचारतो, "हिची पोरं कोण?" हा प्रश्न तो एकदम सगळ्यांसाठी मिळून विचारत नाही. पडद्यामागं ट्रिगर असतो, तो वरच्या प्रत्येक ओळीमागं एकदा सुटतो. १ लाख ४० हजार ऑर्डरओळी जाणार म्हणजे उत्पादनाच्या टेबलात १ लाख ४० हजार वेळा शोध. खालच्या फॉरेन की कॉलमवर (जिथं वरच्या ओळीचा नंबर लिहिलेला असतो) इंडेक्स, म्हणजे खतावणी, असेल तर प्रत्येक शोध चुटकीसरशी होतो. नसेल तर प्रत्येक वेळी २ कोटी २० लाख नोंदी चाळायच्या.

लोक इथंच फसतात. प्रायमरी की केली की पोस्टग्रेस स्वतःहून इंडेक्स करतो. फॉरेन कीला करत नाही. ते आपलं काम.

नवीन सर्व्हरचे पैसे मालकांना वाचवून द्या, अर्धे तुम्ही घ्या.

---

बीमवाला | सकाळी ९:३०

काका, उदाहरण आवडलं, पण इंडेक्स आहे हो! ऑर्डरओळीत ऑर्डर नंबरवर आहे आणि उत्पादनातही आहे. तो माझ्या आधीच्या माणसानं केलेला. त्यात तीन कॉलम आहेत: माग, तारीख, ऑर्डरओळ.

---

खतावणी | सकाळी ९:४१

ऑर्डरओळ तिसरी आहे! ही खतावणी मागवार लावलेली आहे. प्रत्येक मागाचं पान, त्यात तारखा, तारखेखाली ओळी. आता मला ऑर्डरओळ ५२०० च्या सगळ्या नोंदी द्या म्हटलं तर कुठलं पान उघडाल?

उत्पादनाचं टेबल एकदा पूर्ण चाळायला किती वेळ लागतो ते बघा बरं.

---

बीमवाला | सकाळी १०:१२

साधारण दीड सेकंद.

---

खतावणी | सकाळी १०:१५

१ लाख ४० हजार गुणिले दीड. २ लाख १० हजार सेकंद, म्हणजे ५८ तास. काल सहा तासांत तुम्ही वेशीपर्यंतही पोचला नव्हतात.

---

अर्धाचहा | सकाळी १०:३८

खतावणी, एक पुरवणी. पोस्टग्रेस १८ पासून स्किप स्कॅन आलंय. पुढच्या कॉलममध्ये वेगवेगळ्या किमती मोजक्याच असतील तर तो मागचा कॉलमही शोधू शकतो. पण इथं प्रत्येक माग गुणिले प्रत्येक तारीख एवढी पानं होतील, त्याचा उपयोग शून्य. वेगळा इंडेक्सच करा.

आणि करताना काँकरंटली करा. साधा क्रिएट इंडेक्स चालू असेपर्यंत टेबलात लिहिता येत नाही, पाळी परत बोंबलेल. काँकरंटली ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसला तर अर्धवट इंडेक्स इनव्हॅलिड म्हणून तसाच मागं राहतो. तो काढून परत करायचा. कुणी ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून घरी गेला असेल तर हा त्याची वाट बघत बसतो, तेही आधी तपासा.

---

शेंगाचटणी | सकाळी ११:०२

मी थर्ड इयरला आहे, इथल्याच कॉलेजात. माझ्या प्रोजेक्टमध्ये पण कॅस्केड आहे, एसक्यूलाइट. मी ५० हजार ऑर्डरी उडवल्या, एका सेकंदात झालं. पोस्टग्रेस इतका हळू का असतो?

---

सातरस्ता | सकाळी ११:०५

घ्या, पोरगं पुढं निघून गेलं. बीमवाल्या, एसक्यूलाइट टाक.

---

ताईगिरी | दुपारी १२:२०

आमच्या ओरॅकलवर वेळेपेक्षा लॉकचा त्रास जास्त. खालच्या फॉरेन कीवर इंडेक्स नसेल आणि वरची ओळ डिलीट केली, किंवा तिची की बदलली, तर ओरॅकल खालच्या अख्ख्या टेबलावर लॉक घेतो. मी एका वित्तसंस्थेत होते, नाव नको. एक मुलगा दर शुक्रवारी दुपारी जुन्या शाखांच्या चार नोंदी उडवायचा. फक्त चार! त्याच वेळी काउंटरवरची सगळी कामं अडकायची. आम्ही तीन आठवडे नेटवर्कवाल्यांशी भांडलो. शेवटी त्या मुलानंच विचारलं, "मॅडम, मी डिलीट मारल्यावर तुमचे फोन का वाजतात?"

एसक्यूएल सर्व्हरची वेगळी तऱ्हा. एकाच टेबलापर्यंत दोन वाटांनी कॅस्केड पोचत असेल तर तो की बनवूच देत नाही, १७८५ नंबरची एरर देतो. पहिल्यांदा फार राग आला होता. आता वाटतं बरंच करतो.

---

पुण्यातलासोलापुरी | दुपारी १२:४४

मायएसक्यूएलच्या बाजूनं एक सांगतो. इनोडीबी फॉरेन कीवर इंडेक्स नसेल तर स्वतःच करतो. बीमवाल्याचा हा प्रश्न आमच्याकडे पडलाच नसता.

(पण कॅस्केडनं उडालेल्या खालच्या ओळींवर आम्ही लिहिलेले ट्रिगर चालत नाहीत. "कुणी काय उडवलं" ही नोंद ट्रिगरनं ठेवली होती. सहा महिन्यांनी उघडली तर वरच्या टेबलाच्या नोंदी भरपूर, खालच्याची एकही नाही.)

---

गणपतघाट | दुपारी १:१५

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. डिलीट करताच कशाला? एक कॉलम टाका, "रद्द". हो किंवा नाही. रिपोर्टमध्ये रद्द वगळा. दहा मिनिटांचं काम. डिलीट हा प्रकार मी २०१२ नंतर प्रॉडक्शनवर केलेला नाही.

---

ताईगिरी | दुपारी १:३१

आणि तो "रद्द नाही" प्रत्येक क्वेरीत लिहायचा. एका क्वेरीत विसरला की भुतं परत मागावर. शिवाय तोच डिझाइन नंबर परत वापरायचा म्हटलं की युनिक इंडेक्स आडवा येतो, कारण रद्द ओळ जिवंतच असते. २०१२ पासून एकही क्वेरी विसरला नाहीत का?

---

गणपतघाट | दुपारी १:३९

व्ह्यू करायचा. टेबलाला कुणी थेट हात लावायचा नाही.

---

ताईगिरी | दुपारी १:४२

हो, आणि सासूनं सांगितलं म्हणून सगळे ऐकतात.

---

हिशोबतपास | दुपारी ३:१०

मी सीए आहे, डेटाबेसमधलं काही कळत नाही. "२०१८ च्या ऑर्डरी उडवायच्या" वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहितोय.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब आणि कागदपत्रं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०१७-१८ च्या विवरणपत्राची मुदत अनेकदा वाढली होती, त्यामुळे मोजताना मूळ तारीख धरू नका. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती निकाली निघाल्यावर आणखी एक वर्ष. कंपनी असेल तर कंपनी कायद्याखाली हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग लागतो, तो बंद करता येईल असा नको.

तुमचा हा डेटा हिशोबात मोडतो की कारखान्याच्या आतला आहे, हे मालकांच्या सीएला आधी विचारा. सर्व्हर हळू आहे हे कारण नोटिशीला चालत नाही.

---

बीमवाला | दुपारी ३:३४

सर, बिलं आणि स्टॉकचा हिशोब वेगळ्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला मी हात लावत नाही. इथं फक्त कुठल्या मागावर काय उतरलं ते आहे. तरी आमच्या सीएंना फोन केला. ते म्हणाले एक पूर्ण डम्प (सगळ्या डेटाची प्रत) काढून पेनड्राइव्हवर ठेवा, दोन प्रती करा, मग उडवा. दोन्ही प्रती काढल्या.

---

अर्धाचहा | दुपारी ३:४०

त्यातली एक दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघितली का?

---

बीमवाला | दुपारी ३:४१

...बघतो.

---

बीमवाला | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

डम्प दुसऱ्या मशीनवर उतरवला, व्यवस्थित उतरला. इंडेक्स काल रात्री काँकरंटली केला, कुणाचा फोन आला नाही. आज सकाळी फक्त एक ऑर्डर उडवून बघितली, बिगिन करून नंतर रोलबॅक.

इंडेक्सच्या आधी एका ऑर्डरीला ११५ सेकंद लागत होते. आता ११०.

काका?

---

सातरस्ता | सकाळी ११:२७

खतावणीचं पान फाटलं!

---

खतावणी | सकाळी ११:४८

हसा. चूक माझीच. माझ्या कालच्या गणितानं एका ऑर्डरीला पाच सेकंद यायला हवे होते, तीन-चार ओळी गुणिले दीड. ते पाच वाचले, पण ११० कुठून आले हे मी बघितलंच नव्हतं. दुखणं न तपासता गोळी दिली.

आता तपासू. बिगिन करा, डिलीटच्या आधी एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ लावा, मग रोलबॅक. रोलबॅक विसरू नका. एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ नुसता अंदाज सांगत नाही, डिलीट खरोखर करतो. शेवटी "ट्रिगर फॉर कन्स्ट्रेंट" अशा ओळी येतील. कॅस्केडनं खाली जे सुटले तेही त्यात दिसतात, प्रत्येकाचा वेळ आणि किती वेळा सुटला ते. त्या इथं टाका.

---

बीमवाला | दुपारी १२:०६

नावं मराठीत करून टाकतोय:

ऑर्डरओळीची ऑर्डर: वेळ ०.४ मिलिसेकंद, कॉल १
उत्पादनाची ओळ: वेळ १.९ मिलिसेकंद, कॉल ३
उत्पादनाची मूळनोंद: वेळ १०९८४१ मिलिसेकंद, कॉल ७३

---

ताईगिरी | दुपारी १२:०९

मूळनोंद काय आहे?

---

बीमवाला | दुपारी १२:२०

अरे देवा. ते मी विसरलोच होतो. टॉवेलवर डाग पडला तर माल परत धुवायला जातो. धुऊन आला की उत्पादनात नवी नोंद पडते आणि तिच्यात आधीच्या नोंदीचा नंबर लिहितात. उत्पादनाची फॉरेन की उत्पादनालाच. त्यात कॅस्केड नाही, म्हणून त्याचा विचारच केला नाही. अशा नोंदी २ कोटी २० लाखांत जेमतेम ६० हजार असतील, बाकी सगळीकडे नल, म्हणजे रिकामं.

---

ताईगिरी | दुपारी १२:२८

कॅस्केड नसलं तरी प्रश्न तोच. नोंद जाताना डेटाबेसला बघावंच लागतं की हिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही ना. कुणीच दाखवत नाही हे सांगायला टेबल शेवटपर्यंत चाळावं लागतं, कारण सापडलं की थांबायची सोयही नाही. एका ऑर्डरीत ७३ नोंदी म्हणजे ७३ वेळा. १०९८४१ भागिले ७३, दीड सेकंद. तुमचा कालचाच दीड सेकंद.

---

पुण्यातलासोलापुरी | दुपारी १२:३५

४१ हजार ऑर्डरी गुणिले ११५ सेकंद. ४७ लाख १५ हजार सेकंद, साडेचोपन्न दिवस.

२४ नोव्हेंबरला सुरू केलं होतंस. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता पडून, नंदीध्वज परत जाऊन, १८ जानेवारीच्या सकाळी संपलं असतं.

---

सातरस्ता | दुपारी १२:३७

सिद्धेश्वर महाराज की जय. मधल्या काळात वीज गेली नाही असं धरलंयस काय?

---

अर्धाचहा | दुपारी १२:५०

यावर पूर्ण इंडेक्स करायची गरज नाही. मूळनोंद नल नाही एवढ्याच ओळींचा पार्शल इंडेक्स करा. ६० हजार नोंदींचा चिमुकला होईल. ट्रिगरची क्वेरी "मूळनोंद बरोबर अमुक" अशी असते, आणि बरोबर अमुक म्हणजे नल नाहीच, एवढं प्लॅनरला कळतं. तो हा इंडेक्स वापरतो.

---

गणपतघाट | दुपारी १:२०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सेशन रेप्लिकेशन रोल रेप्लिका करा. सुपरयूजर असाल तर एका ओळीत फॉरेन कीचे सगळे ट्रिगर गप्प. तीन टेबलांत तीन डिलीट मारा, पाच मिनिटांत घरी.

---

कडकभाकरी | दुपारी २:०५

गणपतघाट, तुम्ही तर २०१२ पासून डिलीटच करत नाही ना?

आता माझी पापं ऐका. एका जुन्या नोकरीत गिऱ्हाइकांच्या टेबलातल्या काही टेस्टच्या नोंदी काढायच्या होत्या. डिलीट हळू चाललं होतं. कुणीतरी म्हणालं ट्रंकेट, म्हणजे अख्खं टेबल एकदम रिकामं करणं, वेगात होतं. मी म्हटलं टेस्टच्या नोंदी बाजूला काढू, टेबल ट्रंकेट करू, खऱ्या परत भरू. फॉरेन की आहे म्हणून तो ट्रंकेट करेना, तर वर लिहिलं होतं की कॅस्केड लावून बघा. लावलं. मला वाटलं डिलीटच्या कॅस्केडसारखंच असेल.

नसतं. ट्रंकेट कॅस्केड कोण कुणाचं पोर हे बघत नाही. त्या टेबलाकडे फॉरेन कीनं बोट दाखवणारी सगळी टेबलं मुळापासून रिकामी करतो, मग त्यांच्याकडे बोट दाखवणारी, मग त्यांच्याकडे. तीन सेकंदांत सहा वर्षांची बिलं गेली. स्क्रीनवर एकेका टेबलाचं नाव येत होतं, "ट्रंकेट हे पण, ट्रंकेट ते पण", आणि मी वाचत होतो. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेट रोलबॅक होतो, पण बिगिन कुणी केलं होतं? आदल्या रात्रीचा बॅकअप होता, तो उतरवला. त्या दिवसाची बिलं आम्ही चौघांनी कागदावरून परत टाइप केली.

रेप्लिका मोडचंही तसंच. ट्रिगर बंद केले की डेटाबेस डोळे मिटतो. तुमच्या तीन डिलीटमध्ये धुऊन आलेली एक नोंद सुटली तर ती मेलेल्या नोंदीकडे बोट दाखवत कायम बसते आणि तो पुढं कधी तपासत नाही. मोड परत चालू केल्यावरही जुन्या ओळी बघत नाही. दीड सेकंदाच्या दुखण्यावर हा इलाज?

---

गणपतघाट | दुपारी २:११

करायचं तर नीट करायचं, हे गृहीत होतं.

---

खतावणी | दुपारी ३:००

बीमवाला, इंडेक्स झाल्यावरही ४१ हजार एका दमात उडवू नका. ट्रिगरची यादी क्वेरी संपेपर्यंत मेमरीत साठत राहते, आणि मध्येच काही झालं तर सगळं पहिल्यापासून. ५०० ऑर्डरींचे घास करा. पोस्टग्रेसच्या डिलीटला लिमिट नाही, म्हणून आधी ५०० नंबर निवडायचे, ते उडवायचे, कमिट, दोन सेकंद दम, मग पुढचे. मायएसक्यूएलवाल्यांना लिमिट थेट लावता येतं.

तुमच्या बाकी फॉरेन की पण तपासा. कॅटलॉगमध्ये पीजी कन्स्ट्रेंट आणि पीजी इंडेक्स अशी दोन टेबलं आहेत. ज्या कीचे कॉलम कुठल्याच इंडेक्सच्या सुरुवातीला येत नाहीत त्या सगळ्या काढा. आधी काढायला सांगितल्या असत्या तर माझी आजची शोभा टळली असती.

---

अर्धाचहा | दुपारी ३:२२

पुढं अजून एखादं युनिट बंद होणार असेल तर उत्पादन टेबलाचं युनिटप्रमाणे पार्टिशन (वेगवेगळे तुकडे) करायचा विचार करा. मग युनिट जाताना ओळी शोधायच्याच नाहीत, अख्खं पार्टिशन वेगळं करायचं आणि ड्रॉप. पार्टिशन केलेल्या टेबलाकडे फॉरेन की पोस्टग्रेस १२ पासून लावता येते. प्रायमरी कीमध्ये युनिट घालावं लागेल, म्हणजे मूळनोंदीतही. तेवढी तोडफोड परवडते का ते बघा. दहा वर्षांत एकदा लागणार असेल तर नको.

---

बीमवाला | दुपारी ३:३०

मालकांसमोर "अजून एखादं युनिट बंद होणार असेल तर" असं मी म्हणणार नाही. नोकरी आहे माझी.

---

बीमवाला | २७ नोव्हेंबर, रात्री १०:५०

झालं!

पार्शल इंडेक्स केला. एक ऑर्डर आता ८ मिलिसेकंदांत जाते. रात्री नऊला ५०० चे घास सुरू केले. एका घासाला चार सेकंद, दोन सेकंद दम, ८२ घास. सव्वानऊच्या आत आटोपलं. सुपरवायझरला मुद्दाम फोन केला, एंट्री हळू पडतेय का? तो म्हणाला, "का, काय करूलालाव तुम्ही?"

कॅटलॉगची यादीही काढली. विनाइंडेक्स फॉरेन की आणखी चार निघाल्या. दोन छोट्या टेबलांकडून आहेत, त्या सोडल्या. दोन केल्या.

एक शंका. ३० लाख नोंदी गेल्या तरी डिस्कवर टेबल तेवढंच दिसतंय.

---

खतावणी | रात्री ११:०१

तेवढंच दिसणार. व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची झाडलोट) ती जागा मोकळी करतो, पण टेबलाकडेच ठेवतो. नवीन पाळ्यांच्या नोंदी त्यात बसतील. डिस्क परत हवीच असेल तर व्हॅक्यूम फुल, पण तो टेबल नव्यानं लिहितो आणि तोवर कुणाला वाचूही देत नाही. तुमची २ कोटी २० लाखांतली ३० लाख गेली, म्हणजे सातवा हिस्साही नाही. राहू द्या.

नवीन सर्व्हरचं काय झालं?

---

बीमवाला | रात्री ११:०६

मालक म्हणाले, आता लागत नाही तर कशाला. मी म्हटलं, निदान कपाटामागून तरी काढू, तिथं रुई उडते. ते मान्य झालं.

काका, ताई, अर्धाचहा, तुमच्यासाठी टॉवेलचा एकेक सेट काढून ठेवलाय. डागाचा नाही, फर्स्ट क्वालिटी. कधीही येऊन घेऊन जा.

---

सातरस्ता | रात्री ११:०८

आणि मी? जेवायला कुणी सांगितलं होतं?

---

ताईगिरी | २८ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

शेंगाचटणी, तुझा प्रश्न मध्येच राहिला. ५० हजार ऑर्डरी एका सेकंदात गेल्या म्हणालास. त्यांच्या खालच्या ओळी गेल्या का?

---

शेंगाचटणी | सकाळी ९:४०

ते नाही बघितलं ताई. थांबा.

---

शेंगाचटणी | सकाळी ९:५२

सगळ्या आहेत. २ लाखच्या २ लाख.

---

ताईगिरी | सकाळी ९:५५

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की मुळात बंद असतात. प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर प्राग्मा फॉरेन कीज ऑन म्हणावं लागतं. म्हटलं होतंस का?

---

शेंगाचटणी | सकाळी ९:५६

नाही. परवा सबमिशन आहे.

---

शेंगाचटणी | सकाळी १०:३०

ऑन केलं, ऑर्डरी परत भरल्या आणि परत उडवायला लावल्यात. अर्धा तास झाला, चालूच आहे.

---

खतावणी | सकाळी १०:३१

बाळ, खालच्या टेबलात ऑर्डर नंबरवर इंडेक्स आहे का?